हडळीची बोटं, हुलग्याच्या पिठाची

१९ ऑक्टोबर २०१८, शुक्रवार

काल दसरा झाला आणि आज सकाळपासून गावात ट्रॅक्टरच ट्रॅक्टर! शाळेपासून पारापर्यंत रांग. पत्र्याच्या पेट्या, सरपण, पिठाची पोती, कोंबड्या — सगळं चढवायला लागलेत लोक. पाऊस पोळ्याआधीच गेला तो गेलाच. विहिरीच्या तळाचे दगड मोजता येतील. यंदा ऊसतोडीला जायचं सोडून मागं कोण राहणार?

मी राहणार! लग्नाआधी आईबापाबरोबर, लग्नानंतर ह्यांच्याबरोबर — कळायला लागल्यापासून हा पहिलाच दसरा, की माझी पेटी भरलेली नाही.

आमच्या महिला गटानं वसतिगृह घेतलंय चालवायला. आईबाप ऊस तोडायला गेले की त्यांच्या पोरींनी सहा महिने इथं राहायचं, शाळा सोडायची नाही. पोरींना सांभाळायला मी, स्वयंपाकाला चतुराबाई. जागा गावच्या जुन्या सहकारी जिनिंगची. कापूस पिकत होता तोवर चालली, मग कितीतरी वर्षं कुलूप. गटाच्या बायकांनी गोदाम झाडलं, चुना दिला, गाद्या आणल्या. बघून मन भरतं.

आणि पोरी किती? सात! त्यातली एक माझीच म्हाळू.

वीस पाहिजेत. पाच नोव्हेंबरला तालुक्याचे साहेब येणार. वीस नसल्या तर मंजुरी नाही — पुन्हा कुलूप.

२० ऑक्टोबर

पोरी का येत नाहीत ते आज कळलं. हडळ!

छबुबाईकडं गेले होते. आमचं घर त्यांच्या भिंतीला भिंत. तिची गोदा म्हाळूच्याच वर्गात. मागच्या साली फडात गोदाच्या पायावर कोयता बसला, अजून जरा लंगडते. म्हटलं, ही तरी पोरगी ठेवील.

"ठिवली असती गं सत्यभामा," छबुबाई म्हणाली, "पण जिनिंगमदी? फडात निदान डोळ्यापुढं तरी ऱ्हाती."

"जिनिंगला काय झालं?"

तिचा सासरा तात्याबा बाजेवर बसला होता. म्हणाला, "प्रेसवाली हाय तिथं. कापसाच्या गाठी बांधायच्या त्या प्रेसवर होती बाई, तिथंच मेली. मी सवता ऐकलंय — दिवस मावळला की पत्र्यावर धाड्‌दिशी आवाज येतो. पाय उलटे."

परत येताना दूध घालणारा रामकिसन भेटला. त्याला विचारलं.

"प्रेसवाली व्हय? हाय की. पायच न्हाईत तिला."

"तात्याबा तर म्हणतात उलटे हायेत."

डोकं खाजवलं त्यानं. "उलटेच असतील. पर दिसत न्हाईत," म्हणाला आणि फटफटीला किक मारली.

हसू येतंय आता. पण खरं लिहू? तो आवाज मी पण ऐकलाय. परवा, दिवे लावायच्या वेळी. धाड्! हातातली काडी विझली.

२१ ऑक्टोबर

दोन बहिणींना त्यांची आजी घेऊन गेली. जाताना माझ्याकडं बघितलं पण नाही. राहिल्या पाच.

२२ ऑक्टोबर

चतुराबाईचं काय करावं! दिवस कलला की पदराच्या टोकाला मिठाचा खडा बांधते. पोरी ते बघतात आणि घाबरतात. आज रागावले तिच्यावर.

"मावशी, तुमीच असं केल्यावर पोरी कशा ऱ्हातील?"

"तू मला शिकवू नको. मी पुण्याला भुतांच्या पंगतीला वाढून आलेली बाई हाय!"

मग सगळी कथा. तिचा लेक कंपनीत होता तेव्हा ही दोन वर्षं त्याच्याकडं राहिली आणि एका मोठ्या सोसायटीत भांडी घासायची. तिथं दिवाळीच्या आगेमागे लोक भुताचा सण करतात म्हणे. हॅलोविन! पोरंबाळं तोंडं रंगवतात, चादरी पांघरतात, दारोदार खाऊ मागतात. आणि खाऊ कसला, तर — बोटं!

"माणसाची बोटं गं! पावाची केलेली. बदामाचं नख. वर लाल सॉस. त्या म्याडम मला म्हणत्यात, चतुरा, खाऊन बघ. मी दोन दिवस जेवले न्हाई. घरी येऊन नारळ फोडला."

पोरी ऐकत होत्या. पाचही जणी. आणि हसत होत्या! एवढ्या दिवसांत पहिल्यांदा. म्हाळू म्हणाली, "मग ती पोरं भुताला भेत न्हाईत का?"

"कशाला भेतील? तीच भुतं झाल्यावर!" चतुराबाई सहज बोलून गेली.

माझ्या डोक्यात तेव्हापासून तेच चाललंय. तीच भुतं झाल्यावर!

२३ ऑक्टोबर

ठरलं. ३१ तारखेला जिनिंगमध्ये भुताचं जेवण. हॅलोविन! छबुबाईचा ट्रॅक्टर दोन तारखेला निघतोय, बऱ्याच जणांचे तेव्हाच. म्हणजे लोक गावात असतील.

पावाची बोटं कुठून आणू, भट्टी कुठाय. पण भाकरी थापता थापता सुचलं — शेंगोळे! हुलग्याचं पीठ मळून तळहातावर वळायचं, लांबट. बोटंच की ती! आजवर कुणाच्या लक्षात कसं आलं नाही? नखाला शेंगदाण्याची पाकळी. आणि रस्सा येसराच्या मसाल्याचा, लालभडक.

घरी सांगितलं. ह्यांना — नाव लिहिलं तर काय बिघडतं, कोण वाचतंय? गहिनीनाथ. लिहिलं! तर गहिनीनाथ भाकरी मोडता मोडता थांबले.

"हडळ हाय म्हणून लोक पोरी ठिवत न्हाईत, आन् तू हडळीचं जेवण करतीस?"

"व्हय."

"डोस्कं फिरलंय तुजं."

आणि पुन्हा भाकरी मोडायला लागले. दसऱ्यापासून माझ्याशी धड बोलत नाहीत. ऊसतोड म्हणजे नवराबायकोची जोडी. एक तोडतो, एक मोळी बांधते. मी नाही म्हटल्यावर त्यांना धाकट्या भावाबरोबर जोडी लावावी लागली. टोळीत लोक काय काय बोलले असतील, मला माहीत आहे. पण माझी सगळी शाळा अर्धी अर्धी झाली. पाचवी अर्धी, सहावी अर्धी, सातवी तर नुसती पाटी धरून. दहावी कशी काढली ती मीच जाणे. म्हाळूचं वर्ष मी अर्ध्यावर तोडणार नाही.

२४ ऑक्टोबर

पहिली खेप. फजिती!

बोटं सुरेख झाली. जिरं, लसूण, ओवा घालून पीठ मळलं, म्हाळूनं आपलं बोट शेजारी ठेवून माप दिलं. सुरीच्या पाठीनं पेरं पाडली. नखं बसवली. पोरी किंचाळल्या — आनंदानं!

रस्सा उकळला, बोटं सोडली. झाकण काढून बघते तर बोटं वर आणि नखं तळाला. सगळी! पळीनं ढवळलं की नखांचा खडखडाट.

चतुराबाई म्हणाली, "म्हातारी झाली तुजी हडळ. नखं गळली."

खाल्ले सगळ्यांनी. शेंगोळे म्हणून फक्कड होते, हडळ म्हणून नापास.

२५ ऑक्टोबर

नख खोल खुपसून बघितलं. शिजल्यावर बोट उभं चिरलं. चिरलेलं बोट जास्त भयानक दिसतं असं पोरींचं मत. पण ताटात येईस्तोवर त्याचा गोळा होतो.

२६ ऑक्टोबर

गहिनीनाथ गेले आज.

भावाबरोबर पेटी चढवली. मी भाकरी-ठेचा बांधून दिला. म्हाळूच्या डोक्यावर हात ठेवला. माझ्याकडं बघून म्हणाले, "नाचवा भुतं. आमी ऊस तोडतो." रागानं म्हणाले का चेष्टेनं, कळलं नाही. ट्रॅक्टरचा आवाज एवढा होता.

ट्रॅक्टर वळणापर्यंत दिसत होता. मग धूळ.

घरात फार मोकळं वाटतंय. चांगलं मोकळं नाही.

२७ ऑक्टोबर

सरस्वतीबाई आल्या होत्या. गटाच्या अध्यक्ष. हे वसतिगृह त्यांनीच दहा चकरा मारून गावात आणलं. गोदामात फिरल्या, पाच गाद्या बघितल्या, पाठीमागं हात बांधून उभ्या राहिल्या.

"ऐकते ते खरं का? भुताचं जेवण?"

मी हो म्हटलं. 

"सत्यभामा, पोरी आदीच भेल्यात. त्यात तू आनखी भ्या घालणार. कावून?"

मग मी सांगत बसले नाही. म्हाळूला हाक मारली. चुलीवर सकाळचं एक बोट उरलं होतं, ते तिनं ताटलीत घालून आणलं आणि सरस्वतीबाईंच्या पुढं धरून घोगऱ्या आवाजात म्हणाली, "मा...झं... बो...ट... कु...णी... खाल्लं?"

सरस्वतीबाई दोन पावलं मागं सरल्या! आमदाराला गप्प बसवणारी बाई! मग बोट उचलून बघितलं, वास घेतला, चावलं. चावता चावता खांदे हलायला लागले. डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसल्या.

"रस्सा कशाचा करणार? येसर कुणाचा? नगं, दुकानातला नगं. मी माझा देते."

तासाभरात बरणी आली.

२८ ऑक्टोबर

जमलं! जमलं! जमलं!

उकळायचं नाहीच. चाळणीत ठेवून नुसत्या वाफेवर. पाणीही कमी लागतं, यंदा तेवढंच बरं. वाफवून झाल्यावर शेंगदाण्याच्या पाकळीला भिजवलेलं बेसन लावून नख चिकटवायचं आणि पुन्हा थोडी वाफ. निघत नाही! म्हाळूनं दातानं ओढून बघितलं. तुटलेल्या टोकाला लसणाचा लाल ठेचा. रस्सा वेगळा, वाढताना घालायचा. ताटात बोटं, वरून लाल रस्सा — अगं बाई!

चतुराबाईनं बघितलं आणि पदराचं मीठ चाचपलं. मग म्हणाली, "म्याडमच्या बोटापरीस चांगली झालीत. तिच्या बोटाला पेरं न्हवती."

एवढी शाबासकी मला दहावी झाले तेव्हाही कुणी दिली नव्हती.

२९ ऑक्टोबर

घरोघर आमंत्रण करून आले. पोरींना बरोबर नेलं. म्हाळूच पुढं होऊन बोलायची —

"परवा दिवस मावळायच्या आत जिनिंगमदी भुताचं जेवण हाय. सगळ्यांनी या. पाणी आपापलं आणा."

पाण्याचं पोरीनं आपल्या मनानं घातलं. मी नंतर दटावलं, तर म्हणते, "टँकर आला न्हाई तर?" खरं आहे. लग्नाच्या पत्रिकेवरसुद्धा छापायला पाहिजे यंदा.

काही दारं पटकन लागली. एका म्हातारीनं पोरींवरून भाकरीचा तुकडा ओवाळून टाकला. तात्याबा म्हणाला, "म्या येनार न्हाई. मला जगायचंय." ब्याऐंशी वय!

छबुबाई खाली बघून पेटी भरत राहिली. गोदा मात्र दाराआडून म्हाळूला खुणा करत होती.

३० ऑक्टोबर

टँकर आला नाही. ड्रायव्हर म्हणे उद्या.

पोरींनी भुतं व्हायची तयारी केली. गटातल्या बायकांनी जुनी पांढरी धोतरं दिली. चुलीतली राख, डोळ्यांना काजळ. फुटका माठ होता, त्याला म्हाळूनं खिळ्यानं डोळे आणि दात पाडले. आत दिवा ठेवायचा. ठेवून बघितला. माठ हसतोय असा दिसतो, पण वाईट हसतोय!

रात्री पोरी एकमेकींना बिलगून झोपल्या नाहीत. आपापल्या गादीवर झोपल्या. आधी माझ्या लक्षातच आलं नाही.

३१ ऑक्टोबर, सकाळ

टँकर नाहीच. दोन घागरी आहेत. पीठ मळायला आणि वाफेला पुरेल. रस्स्याला नाही. प्यायला तर नाहीच.

कुणी आलंच नाही तर प्रश्नच मिटला म्हणा!

१ नोव्हेंबर, गुरुवार

काल लिहायला हातच रिकामा नव्हता. आता सगळं लिहिते, क्रमानं, नाहीतर हसता हसता विसरेन.

दुपारी बोटं वळायला बसलो. मी, चतुराबाई, पाच पोरी. चार वाजेपर्यंत परातभर बोटं! रस्स्याचा मसाला भाजून ठेवला आणि पाण्याची वाट बघत बसलो. टँकरचा पत्ता नाही. चतुराबाई म्हणाली, "कोरडीच वाढ. भुतं कुठं रस्सा मागत्यात."

मी फाटकाशी जाऊन उभी राहिले. रस्ता मोकळा. पाच वाजले. ऊन उतरायला लागलं. पोरी राख फासून, धोतरं पांघरून माझ्यामागं उभ्या. एकजण विचारते, "कुणी येनार न्हाई का?" 

मग सरस्वतीबाई दिसल्या, डोक्यावर हंडा. हो, स्वतः! त्यांच्या मागं गटाच्या बायका, सगळ्यांच्या डोक्यावर, कमरेवर काही ना काही. कळशी, चरवी, बाटल्या. आणि त्यांच्या मागं, जरा अंतर ठेवून, बाकीचे लोक. आपापलं पाणी घेऊन! कुणी तांब्या, कुणी कॅन, रामकिसननं तर दुधाचं कॅन विसळून भरून आणलेलं. फाटकाच्या आत पाऊल टाकायला कुणी तयार नव्हतं, पण आले होते.

छबुबाई शेवटी. एका हातात कळशी, दुसऱ्या हातात गोदाचं मनगट घट्ट धरलेलं. तिच्यामागं काठी टेकत तात्याबा.

"तुमाला जगायचं होतं ना?" मी म्हटलं.

"लांबून बघनार हाय," तो म्हणाला.

पोरींना कुणी काही सांगितलं नव्हतं. त्यांचं त्यांनीच सुरू केलं. पाचही जणी धोतरं उडवत, हूऽऽ करत फाटकाबाहेर धावल्या. मोठी माणसं मागं सरकली आणि लहान पोरं पुढं आली! लहान्यांना काय, राख पाहिजे. बघता बघता चुलीतली राख संपली आणि गावातली निम्मी पोरं भुतं होऊन गोदामात पळत होती. त्यांना धरायला म्हणून आया आत आल्या. आया आल्या म्हणून बाप आले. अशी सगळी पंगत बसली!

गोदानं आईच्या हातातून मनगट कधी सोडवून घेतलं, मला दिसलंच नाही. बघते तर लंगडत लंगडत सगळ्यात पुढं, तोंड पांढरंफेक, म्हाळूच्या खांद्यावर हात.

रस्सा उकळला. येसराचा वास सगळ्या जिनिंगभर. माठातला दिवा लावला. दारातून मावळतीचा उजेड आत येत होता. मी आणि चतुराबाई वाढायला लागलो. प्रत्येकाच्या ताटात चार बोटं, वरून रस्सा. बायका तोंडाला पदर लावून "अगं आई!" करायच्या आणि लगेच शेजारणीला दाखवायच्या, "नख बघ, नख!" सरस्वतीबाईंची लेक मोबाईलवर सगळं घेत फिरत होती.

आणि तेवढ्यात —

धाड्!

वर, पत्र्यावर. अगदी डोक्यावर.

सगळं थांबलं. घास हातात.  मी बघितलं, छबुबाई अर्धी उठलेली, डोळे गोदाला शोधतायत. दाराजवळची दोघं-तिघं उठलीच. माझ्या मनात आलं, संपलं. आता सगळे पळणार, आणि पुन्हा कुणी इकडं फिरकणार नाही.

चतुराबाई पंगतीच्या मधोमध उभी होती. हातात पळी. पळी कलंडून रस्सा सांडत होता. पदराचं मीठ चाचपायला दुसरा हात गेला, पण त्या हातात परात! काय करावं तिला सुचेना. मग तिनं मान वर केली आणि गावभर ऐकू जाईल असं ओरडली —

"आलीस का? ये, जेवायला ये! तुजीच बोटं शिजवलीत, मोजून घे! आन् पानी तुजं तू आन!"



मग पहिल्यांदा कोण हसलं? तात्याबा! दाराबाहेरून खोकल्यासारखं हसू. मग रामकिसन. मग सगळी पंगतच फुटली. बायका एकमेकींच्या अंगावर पडून हसत होत्या. एका बुवाच्या नाकात रस्सा गेला. सरस्वतीबाईंनी भिंत धरली.

पुन्हा धाड्! झालं. आणि आता सगळी पोरं एका सुरात, "ये जेवायला! पानी तुजं तू आन!"

चतुराबाईला वाटलं लोक तिला हसतायत. ती फुगून म्हणाली, "हसा. मी मातुर खरंच बोलावलंय." आणि कोपऱ्यात एक ताट वाढून ठेवलं. चार बोटं, रस्सा, वर कांदा.  मलाही बरं वाटलं ते ताट बघून.

तात्याबा आत कधी येऊन बसला कळलं नाही. एक बोट उचललं, नख काढून ताटाच्या कडेला ठेवलं, बोट खाल्लं. मग नख खाल्लं.

"मीठ बराबर हाय," म्हणाला.

निघताना त्याला हळूच विचारलं, "तात्याबा, खरंच पाय उलटे होते का हो?"

"अंदार होता," म्हणाला आणि काठी टेकत गेला.

पत्र्यावर काय होतं? मला माहीत नाही. बघायला कुणी गेलं नाही. कुणाला गरजच वाटली नाही.

२ नोव्हेंबर

पहाटेपासून ट्रॅक्टर सुटतायत. मी जिनिंगचं अंगण झाडत होते. पाठीमागं खरखर आवाज. वळून बघते तर छबुबाई पेटी ओढत आणतेय. गोदाची पेटी!

"रात्रभर झोपू दिलं न्हाई तिनं. म्हनं, म्या भूत हाय, मला काय भ्या?" मग पदरानं नाक पुसलं. "पायाला तेल लावत जा तिच्या. थंडीत दुखतो."

लावीन म्हटलं. पेटीची दुसरी कडी धरली. ट्रॅक्टर हॉर्न देत होता.

तिच्यामागं आणखी आल्या. दिवसभर येत राहिल्या. चादरी, दप्तरं, एकीनं तर बकरीचं पिल्लू! ते परत पाठवलं.

संध्याकाळी मोजल्या. चौदा.

३ नोव्हेंबर

चौदा म्हणजे वीस नव्हेत.

सगळे ट्रॅक्टर गेले. गावात आता म्हातारी माणसं आणि कुत्री. नवी पोरगी कुठून येणार? सरस्वतीबाई साहेबांना फोन करून आल्या. "न्हाई म्हनतो. नियम म्हनजे नियम." मग गोदामाची एक खिडकी उगीच पुसत राहिल्या.

त्यांच्या लेकीनं केलेला व्हिडिओ गावात सगळ्यांनी बघितला म्हणे. चतुराबाई बघायला तयार नाही. म्हणते, "त्यात मी लई काळी दिसते."

पोरींना मी काही सांगितलेलं नाही. त्या आत गोदाला पळायचं शिकवतायत — भुतासारखं, पाय न हलवता. एवढ्या हसतायत की मला बाहेर येऊन बसावं लागलं.

गहिनीनाथचा फोन नाही. गेल्यापासून एकदाही नाही.

४ नोव्हेंबर, रविवार

आत्ता फोन आला. गहिनीनाथ! मागं गाडीचा आवाज, आणि कसला तरी आरडाओरडा.

"सत्ये, टेम्पोत हाय. दुपारपत्तोर पोचतो."

 वाटलं, काही लागलं-बिगलं.

"अगं, चतुरामावशीचा व्हिडिओ हितं फडावर कोपीकोपीत, समद्या झोपड्यांत फिरतोय. परवापासून बाया माज्याच मागं लागल्यात — तुमच्या मालकिनीकडं आमची बी पोरगी ठिवा. काय करू? मुकादमाला म्हनलं, दोन दिस सोड. अकरा पोरी हायेत गाडीत. दोन तर आपल्या जिल्ह्याच्या बी न्हाईत. समद्या राख फासून बसल्यात, चहाच्या हाटेलावरचा मानूस पळून गेला!"

मागून अकरा गळे एकदम ओरडले, "पानी आमचं आमी आनतोय!"

मग ते म्हणाले, "मला बी ठिव चार बोटं. समद्यांनी खाल्ली, म्याच राह्यलोय."

आपलं पातेलं लहान पडणार. सरस्वतीबाईंकडचं मोठं आणायला निघाले.